‘इतर’ नावाच्या ओळीत

माझी बायको एका पुस्तकात आहे. तिचं नाव त्यात नाही, फोटो नाही. एका तक्त्यात सगळ्यात खाली एक ओळ आहे, तिच्यापुढं ‘इतर’ असं छापलंय, ती ओळ म्हणजे आमची ही. ती जाऊन आता दुसरा उन्हाळा चाललाय. भेटायला येणारी माणसं म्हणतात, लई शांत होती, सोशिक होती. शांत ती कधीच नव्हती. सोशिक तर त्याहून नव्हती. मेलेल्या माणसाबद्दल खोटं गोड बोलून काय मिळतं मला कळत नाही. म्हणून जे झालं ते झालं तसं लिहितो.

आम्ही वारूळवाडीचे. नारायणगावचा बाजार जवळ, त्यामुळं आमच्याकडं टोमॅटो सगळेच लावतात. पण आमच्या घरात उन्हाळी कांदा पहिल्यापासून. चैत्र-वैशाखात काढायचा, सुकवायचा आणि दिवाळीपर्यंत जपायचा. त्यासाठी कांद्याची चाळ असते, बांबूच्या जाळीच्या भिंतींची, आरपार वारा जाईल अशी लांबट खोली. आमची चाळ पाचटाची होती, म्हणजे वर उसाच्या वाळल्या पाल्याचं छप्पर. चाळ सामाईक, अर्धी आमची आणि अर्धी भावाची.

नव्वद सालाच्या आसपास एका पावसाळ्यात छप्पर गळलं आणि आमच्या अर्ध्यातला कांदा बसला. खालून पाणी सुटलं, वास रस्त्यापर्यंत जायला लागला. भावाचा अर्धा वाचला. कांदा रचला होता माझ्या बायकोनं. माझी आई शेजारपाजार ऐकेल अशा आवाजात म्हणाली, हिच्या हातचा कांदा टिकायचा नाही. जाऊबाई तिथंच उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला. हसू दाबायला लावला की वासानं, ते मला आजपर्यंत कळलं नाही. बायकोला मात्र कळलं होतं. दोन दिवस ती जेवली नाही.

पुढच्या वर्षी तिनं चाळीत पाऊल टाकलं नाही. टोमॅटोच्या बाजारातून जुनी लाकडी खोकी आणायला लावली. तेव्हा टोमॅटो लाकडी खोक्यातनंच जायचे, मोडकी खोकी बाजारात ढिगानं पडलेली असायची. मी ती ठोकून नीट केली. गोठ्याच्या पडवीत तिनं विटा मांडल्या, विटांवर खोकी चढवली, प्रत्येक खोक्याच्या तळाला कडुनिंबाचा पाला. फळ्यांच्या फटीतून वारा खेळायचा. लोक हसले. कांद्याला खोकी काय, मुंबईला पाठवायचाय का, असं म्हणायचे.

आणि तिथून माझी एक चोरी सुरू झाली. धारा काढायला मी घरात सगळ्यात आधी उठायचो. धारा झाल्या की खोक्यांवरून हात फिरवायचो. एखादा मऊ लागला की काढायचा आणि उकिरड्यात शेणाखाली दाबायचा. खोक्यातला कांदा तसा कमीच सडायचा, पण सडायचाच. कांदा आहे, सडणार. मला पुन्हा ते दोन दिवस नको होते, एवढंच. ही उठेपर्यंत खोकी स्वच्छ. दिवाळीला ती आईला खणखणीत कांदा दाखवायची आणि आई मान फिरवायची. पुढं आई वारली, पण माझी चोरी चालूच राहिली. आईला भ्यायचं कारण संपलं होतं, पण बायकोचा चेहरा बघवणार नव्हता.

दोन हजार साल उलटून गेल्यावरची गोष्ट. दिवाळी झाली होती. मंचरची एक पोरगी दारात आली. शेतीच्या कॉलेजात शिकत होती, शेवटचं वर्ष, सरांना एक पुस्तक लिहून द्यायचं होतं. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यातल्या शंभरावर घरांत जाऊन ती कांदा कसा साठवता ते विचारत होती. हातात झेरॉक्सचे फॉर्म. कांदा कुठं ठेवता, जमीन कसली, बी घरचं का विकतचं. आणि शेवटचा प्रश्न, गेल्या हंगामात कांदा सडला का, हो की नाही.

कुठं ठेवता यापुढं फॉर्मात चार आकडे होते. पत्र्याच्या चाळीला एक, पाचटाच्या चाळीला दोन, जमिनीवर ढीग घालून झाकणाऱ्याला तीन. खोकी कुठंच नव्हती. पोरीनं चाराला गोल केला. बायकोनं विचारलं, चार म्हंजे काय. ती म्हणाली, चार म्हणजे इतर. मग सडला का विचारल्यावर ही छाती पुढं काढून म्हणाली, ‘‘न्हाई.’’

मी शेजारी उभा होतो.

त्या पोरीचं आणि हिचं जमलं. आम्हाला लेकरू नाही, त्यामुळं घरात दुसरं कुणी बोलायला नसायचं. नारायणगावच्या स्टँडजवळ एक कॉम्प्युटर क्लास होता, तिथं ती पोरगी आठवड्यातनं दोनदा येऊन फॉर्म मशीनमध्ये भरायची आणि दुपारी भाकरी खायला आमच्याकडं. आम्ही तिचे मामा-मामी झालो. हिला त्या मशीनमध्ये आपलं काय झालं ते दरवेळी ऐकायचं असायचं. आजवर कुठल्या कागदावर हिचं काही गेलं असेल तर रेशनकार्डावर.

पहिल्यांदा ती हसत आली. मशीननं चार आकड्यांना खरोखरचे आकडे धरलं होतं. म्हणजे पत्रा एक शेर, पाचट दोन शेर, ढीग तीन आणि आमची खोकी चार शेर, अशी एक चढण करून मशीननं सांगितलं की आकडा एकानं वाढला की सडणं इतकं बदलतं. ही म्हणाली, ‘‘मग दोन पत्रे जोडले की एक पाचट व्हतं काय गं?’’ पोरगी म्हणाली, मामी, सरांनी हेच सांगितलं, फक्त रागावून. हे आकडे मापाचे नाहीत, ओळखीचे आहेत. एसटीच्या पाटीवर नंबर असतो, म्हणून आठ नंबरची गाडी चार नंबरच्या दुप्पट लांब जाते असं थोडंच आहे. तसं मशीनला वेगळं सांगावं लागतं, की बाबा, हा रकाना प्रकारांचा आहे, मोजमापाचा नाही. सांगितलं की मशीन प्रत्येक प्रकाराचा सुटा हो-नाहीचा रकाना करतं. एक प्रकार मात्र बाहेर ठेवतं आणि बाकीच्यांना त्याच्याशी लावून बघतं. हे मला लगेच पटलं. बैलाची उंची सांगायची तर कुठल्या तरी बैलाशेजारीच उभा करावा लागतो.

दुसऱ्यांदा आली ती रडकुंडीला. कागदावर सगळे आकडे वेडे झालेले. इतके लांबलचक, की ओळीत मावत नव्हते. झालं होतं असं, की कुणाशी लावून बघायचं ते तुम्ही सांगितलं नाही तर तिचं ते सॉफ्टवेअर आपोआप शेवटचा प्रकार धरतं. शेवटचा म्हणजे ‘इतर’. ‘इतर’मध्ये घरं चारच, आमचं, आळे गावच्या माझ्या मेहुणीचं आणि हिचं बघून खोकी मांडलेली वाडीतली दोन. चौघांनीही सडला नाही असं सांगितलेलं. ज्याच्यात एकही सडला नाही त्याच्याशी बाकीचे लावले तर ते किती पट जास्त सडतात, त्याला काही थांगच लागेना.

ही मात्र खूश. दोन्ही तालुक्यांना माझ्याशी लावून बघितलं का, असं तिनं तीनदा विचारलं. संध्याकाळी जावेच्या कानावर जाईल अशा बेतानं अंगणातनं आणखी एकदा विचारलं.

मग मी मोपेडवर पोरीला क्लासवर सोडायला गेलो तेव्हा आत जाऊन बघितलं. तिनं रकान्यांची यादी उघडली, ‘साठवण’ हा रकाना प्रकारांच्या खणात ढकलला, खाली ‘शेवटचा’ होतं तिथं ‘पहिला’वर ठिपका केला. तरी तेच वेडे आकडे. तिनं पुन्हा केलं, पुन्हा तेच. क्लासवाल्यानं मागून येऊन सांगितलं की ठिपका करून भागत नाही, शेजारचं बदलाचं बटण दाबायला पाहिजे, नाहीतर मशीन ऐकल्यासारखं करतं आणि आपलंच करतं. दाबलं. आता पत्र्याच्या चाळीशी सगळे लावले गेले. पाचट शहाण्यासारखं आलं, ढीग शहाण्यासारखा आला. शेवटची एकच ओळ वेडी राहिली. ती आमची.

पुढं आठवडाभरानं ती आली तेव्हा पौष लागला होता. ओट्यावर बसली, चहा घेतला, पण कागद काढेना. हिनं ओळखलं. काय झालं विचारलं, तेव्हा म्हणाली, सर म्हणतात ‘इतर’ काढून टाक. चार घरं आहेत, एकाचाही सडला नाही, मशीनला त्यांच्याबद्दल काही बोलता येत नाही. नाहीतर दुसऱ्या कशात तरी मिसळ.

‘‘कशात मिसळायचं?’’ हिनं विचारलं.

‘‘पाचटाच्या चाळीत.’’

बायकोनं कप खाली ठेवला. ‘‘म्हंजे जावेच्यात.’’

पोरीनं मान हलवली.

‘‘तिच्या पाचटात मला घालू नगंस,’’ ही म्हणाली. ‘‘त्यापरीस काढून टाक. पर मला एक सांग. ज्याचा सडला त्याला पुस्तकात जागा, आन ज्याचा न्हाई सडला त्यालाच बाहेर काढायचं, हे कुठलं शिक्षान?’’

पोरीनं समजावलं. तिची तळमळ होती, खोटं नाही. म्हणाली, मामी, मशीन हो आणि नाही यांचं वजन करतं. एका पारड्यात काहीच नसलं तर ते पारडं वर जातच राहतं, काटा थांबत नाही. ‘‘या चार घरांत एक जरी हो असतं ना, तरी मशीननं तुम्हाला धरलं असतं.’’

बायको भिंतीकडं बघत होती. तिला मी रडताना फार कमी वेळा बघितलं आहे आणि तेव्हाही ती रडली नाही. फक्त शेजारची रिकामी पाटी घेऊन उगीच झटकत बसली. वर्षानुवर्षं तिनं ती खोकी मांडली होती आणि कुणी तरी शिकलेलं माणूस पहिल्यांदा ती लिहून घेऊन गेलं होतं. आता तेच माणूस ती पुसायची परवानगी मागत होतं. मला ते बघवेना.

मी म्हणालो, ‘‘आमचा सडला व्हता.’’

दोघी माझ्याकडं बघायला लागल्या.

‘‘कवा?’’ हिनं विचारलं.

‘‘दर साली. मी सकाळी काढून टाकायचो.’’

ती उठली आणि गोठ्यात गेली. म्हशीला वैरण घातलेली होती, तरी आणखी घातली.

मला वाटलं पोरगी खूश होईल. ती डोक्याला हात लावून बसली. म्हणाली, मामा, आता तुमच्या एकट्याचं नाहीचं हो केलं तर ती लबाडी होईल. तुम्ही काढून टाकलेला धरला नाहीत, तसं बाकीच्यांनीही केलं असेल. कुणी अख्खा ढीग बसल्याशिवाय सडला म्हणत नसेल, कुणी चार कांदे गेले तरी सडला म्हणत असेल. माझा प्रश्नच कच्चा होता. सगळ्या घरांत परत जावं लागेल, आणि सरांनी दिलेला वेळ दीड महिना.

तर दीड महिना मी तिला मोपेडवर घेऊन हिंडलो. माझ्या तोंडानं झालं होतं, मीच निस्तरायचं. प्रश्न तिनं नवा केला. दहा गोण्यांमागं एका पाटीपेक्षा जास्त कांदा फेकला असेल तर हो, नाहीतर नाही. आता काय सांगू, माणसं कशी असतात. पेठ गावात एकानं पहिल्या वेळी कपाळावर हात मारून सडला म्हणून सांगितलं होतं. पाट्या मोजायला लावल्या तर अर्धी पाटीही भरेना. त्याला विचारलं, मग एवढं रडलात का. तो म्हणाला, ‘‘पावणं, तुमी सरकारी मानसं वाटला.’’ आणि ज्यांनी ताठ मानेनं नाही म्हटलं होतं, त्यांच्या बायका आतून बोटं वर करून तीन पाट्या, चार पाट्या असं दाखवायच्या.

आळ्याला मेहुणीकडं गेलो. तिनं आधी नाहीच म्हटलं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, ‘‘दाजी, तुमचं काय ल्ह्यलं?’’

‘‘हो ल्ह्यलं.’’

‘‘अक्काच्या तोंडावर?’’

‘‘तोंडावर.’’

‘‘मग माझंबी ल्ह्या. लई फेकला आवंदा.’’

वाडीतल्या दोघींचं मात्र नाहीच राहिलं. त्यांच्या पाट्या खरंच कमी भरल्या.

घरी ही माझ्याशी बोलत नव्हती. पोरगी असली की तिच्यामार्फत बोलायची. त्यांना सांग, भाकरी झाकून ठेवलीय. त्यांना सांग, मोटार बंद करा. पोरगी नसली की म्हशीला सांगायची. एकदा मी म्हटलं, अगं तुझ्यासाठीच बोललो. त्यावर म्हशीला म्हणाली, बाहेरच्या पोरीला आधी सांगितलं, मला न्हाई. हे तिचं बरोबर होतं. मी इतकी वर्षं लोकांना तोंडावर बोलत आलो, सरपंचाला बोललो, भावाला बोललो, आणि घरात एका कांद्याचं खरं बोलायला मला बाहेरची पोरगी लागली.

चैत्रात कांदा काढणी चालू असताना पोरगी शेवटचं आली. आम्ही शेतात होतो. ही बसून पात कापत होती, कांद्याला दोन बोटं मान राखून, नेहमीसारखी. पोरीनं बांधावर बसून जाड पुठ्ठ्याचं पुस्तक उघडलं आणि तक्ता दाखवला. चारही ओळी होत्या. शेवटची ‘इतर’. खाली बारीक अक्षरात लिहिलेलं, टोमॅटोची लाकडी खोकी, विटांवर.

‘‘वाच,’’ ही म्हणाली.

पोरीनं वाचलं आणि समजावलं. पत्र्याच्या चाळीपेक्षा पाचटात सडण्याची शक्यता जास्त, ढिगात त्याहून जास्त. खोक्यांत कमी दिसते. पण मामी, घरं चारच, त्यामुळं शेजारी जो पल्ला दिलाय तो फार रुंद आहे. कमी असेल, किंवा नसेलही. छातीठोक सांगता येत नाही.

मला वाटलं, झालं, आता ही विळा फेकून उठते. पण तिनं ती ओळ बोटानं चाचपली, जशी कापडाची किनार बघतात तशी, आणि म्हणाली, ‘‘छातीठोक तर मलाबी कवा ठावं नव्हतं.’’

मग हिनं पोरीला कांद्याची पिशवी भरून दिली. नेऊन तिच्या सरांना द्यायला वेगळी बांधली. त्यांना म्हनावं, ‘इतर’मधला हाय.

पोरगी गेल्यावर आम्ही पुन्हा पात कापायला बसलो. कापता कापता ती बोलली, आणि या वेळी मला बोलली.

‘‘उकिरड्यात कांद्याला पात फुटायची.’’

मी विळा थांबवला.

‘‘हिरवीगार वर यायची, शेणातनं. तुमची आई रोज तिकडं शेन टाकाया जायची. मी तिच्या आधी जाऊन खुडायची.’’

‘‘मग तुला ठावं व्हतं.’’

‘‘पहिल्या सालापास्नं.’’

‘‘मग बोलली का न्हाईस?’’

‘‘तुमी एवढं लपवत व्हता,’’ ती म्हणाली, ‘‘म्हटलं लपवू द्यावं.’’

फार हसलो नाही आम्ही. ऊन वर आलं होतं आणि अजून निम्मं वावर राहिलं होतं. उठताना तिनं सांगितलं, ‘‘आता सडका निघाला की टाकायचा न्हाई. मला आनून दावायचा.’’

तेव्हापासून दाखवत आलो. सकाळी धारा झाल्या की हाताला मऊ लागलेले चुलीपाशी नेऊन ठेवायचे. ती एकेक उलटून बघायची आणि कारण सांगायची. याची मान आखूड कापली. याला खुरप्याचा मार बसलाय. हा ओला भरला, तुमी घाई केली. बहुतेक कारणं माझ्याच नावावर यायची. पुढं लाकडी खोकी मिळायची बंद झाली, प्लॅस्टिकचे क्रेट आले, आम्ही ते घेतले. गुडघे गेले तेव्हा ती खाटेवर बसून बघायची. शेवटच्या पावसाळ्यात दवाखान्यातनं घरी आणली, तेव्हा नजर अधू झाली होती. दाबून आणि वासावरून सांगायची. चुकायची नाही. चुकत असली तरी मी हो म्हणायचो, आणि ते तिला कळायचं.

औंदा मी एकट्यानं सात क्रेट भरले. एका माणसाला तेवढे पुष्कळ. परवा सकाळी त्यात तीन मऊ निघाले. एकाला विळा लागला होता. एकाची मान आखूड होती, मीच कापलेली. तिसरा मी उजेडात नेला, उलटसुलट केला, चुलीपाशी बसून किती वेळ बघितला. त्याला काय झालं ते मला सांगता आलं नाही.